डाव्या डोळ्याची तारीख

उजव्याचं झालं. काच नवी बसली.
डावा अजून जुनाच, आत पिवळट साय धरलेला.
डॉक्टर म्हणाले, महिन्याने बघू.
अण्णांनी काळा गॉगल लावून
शरणपूर रोडवरनं रिक्षा केली
आणि घरी न येता थेट तांबट लेनमध्ये गेले,
भट्टी बघायला.
"नरू, रंग बदललाय रे जाळाचा," पुतण्याला म्हणाले.
जाळ तोच होता.

चाळीस वर्षं त्यांनी उष्णता हात लावून मोजली नाही.
ताव बघून मोजली: कोकमी झालं की तांबं ऐकतं,
शेंदरी झालं की हात मागे,
हळदीवर गेलं की भांडं गेलं म्हणून समज.
कॉलेजात पायरोमीटर शिकवला तेव्हा
मी तो घरी सांगितला नाही. लाज वाटली,
त्यांच्यासमोर यंत्राची.

कान मात्र ठोक्यांनी खाल्ले.
घंगाळाला चीर आहे का, हे आता
ते तळवा टेकवून ऐकतात.
मी खोडदला काय करते असं विचारलं
तेव्हा मला तेच सापडलं सांगायला:
तारेच्या जाळीचे मोठे तळवे आहेत,
आभाळाला टेकवून ठेवलेले.
हायड्रोजन थरथरतो. त्याची लाट केवढी?
मी वीत पसरली, बोटभर कमी केली.
"एवढीच? मग सापडते कशी?"
गप्प बसल्यावर, म्हटलं. मोबाइल बंद,
शेजारच्या मळ्यातल्या मोटारीची ठिणगीसुद्धा
आम्हाला बहिरं करते.
बहिरं या शब्दावर ते हसले.

जानेवारी. निफाडचा पारा पाचावर,
इंदिरानगरात लाइट गेलेली.
गच्चीवर टाकीला पाठ लावून
कानटोपीतले अण्णा. मृग डोक्यावर.
ही वरची काक्षी, मी म्हटलं, हा खालचा राजन्य.
त्यांनी उजवा मिटला, डावा उघडला.
डावा मिटला, उजवा उघडला.
पुन्हा. पुन्हा.
मला वाटलं टोचतंय,
थेंबांची बाटली आणायला उठले.

"थांब. ही तांबडी दोन्हीकडे जवळपास तशीच.
हा खालचा मात्र पिवळ्या डोळ्यात विझतो,
नव्यात पेटतो. याचा ताव भारी आहे.
ती म्हणजे आपली रोजची भट्टी.
याच्याजवळ हात नेऊ नये."

अंगावर काटा आला. थंडी होतीच.
कारण आम्ही हेच करतो, अण्णा:
एक निळी काच, एक पिवळी, दोनदा मोजणी,
मग वजाबाकी. तिच्यातून निघतात
तांबडीचे साडेतीन हजार अंश,
याचे बारा हजार,
तिथे कुणीही न जाता.

"आणि हा उजेड आत्ताचा?"
नाही. सिन्नरला गोंदेश्वराचे दगड
चढत असतील नसतील, तेव्हा निघालेला.
"म्हणजे भट्टी विझलीही असेल."
असेलही.

मग बराच वेळ काही नाही. कुठेतरी जनरेटर.
मग हळूच, जुनी उधारी विचारावी तसं:
"तांबं आहे का तिकडे?"
सूर्यात आहे, म्हटलं. थोडंसं.
उजेड रंगारंगात उलगडला की
मध्ये काळ्या बारीक रेघा दिसतात,
ज्याने त्याने आपापला रंग गिळलेला.
त्यात तांब्याच्याही आहेत.
"काय नाहीय त्यावरून ओळखता?"
हो.
"माझे आजोबा घटीवरून चोर ओळखायचे,"
एवढंच म्हणाले, आणि मफलर घट्ट केला.

लाइट आली. सोसायटीचा दिवा भक्कन पेटला,
निम्मा मृग पुसला गेला.

सकाळी दवाखान्यातून फोन.
डाव्या डोळ्याची तारीख: सतरा, मंगळवार.
मी हो म्हणणार, एवढ्यात
चहाचा कप खाली ठेवून अण्णांनी हात हलवला.
"उन्हाळ्यानंतरची घे.
ज्येष्ठा बघायची राहिलीय.
ती उन्हाळ्यात दिसते म्हणालीस ना?"